एक गाडी, दोन रस्ते, चार शॉकअप

जर्मनीच्या पश्चिमेला, आयफेलच्या डोंगरात, न्युर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक आहे. त्याला नॉर्डश्लाइफ म्हणतात. १९२७ साली सुरू झालेला हा ट्रॅक आज २०.८३२ किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याच्या सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. आरेमबर्गचं उजवं वळण घेऊन गाडी पुलाखालून बाहेर पडली की फुक्सरोरचा उतार लागतो. दाट झाडीतून खाली जाणारा, हलक्या वळणांचा, पाय न उचलता घ्यायचा. तळाशी पोचल्यावर रस्ता एकदम वर चढतो. त्या तळात गाडी जमिनीत दाबली जाते, स्प्रिंगा मिटतात, माणूस सीटमध्ये रुततो, आणि तेव्हाच स्टिअरिंग थोडं वळवावंही लागतं. पुढे कारुसेल येतं. हे वाटीसारखं आत कललेलं वळण आहे. त्याची आतली बाजू काँक्रीटच्या फरशांची असून दर फरशीच्या सांध्यावर चाक आपटतं.

वर्षातल्या बऱ्याच दिवशी हा ट्रॅक सर्वसामान्यांना खुला असतो. तिकीट काढायचं, नंबरप्लेट असलेली आपली रोजची गाडी आत न्यायची. या फेऱ्यांना रस्त्याचेच वाहतूक नियम लागू असतात. संध्याकाळी तीच गाडी ऑटोबानवरून घरी जाते आणि सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहते.

गाडीला लावलेल्या चार शॉकअपना या एकाच दिवसात किती वेगवेगळी कामं करावी लागतात, ते पाहिलं की निवडीचा प्रश्न उभा राहतो. निव्वळ ट्रॅकच्या गाडीचं सोपं असतं, कारण तिला आराम लागत नाही आणि तिचा रस्ता माहीत असतो. निव्वळ रस्त्याच्या गाडीचंही सोपं असतं. कंपनीने वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन बसवलेलं काढायचं काही कारण नसतं. अवघड जागा मधली आहे, आणि हौशी माणसाचा सर्वाधिक पैसा तिथेच वाया जाताना मी पाहिला आहे.

माझा मावसभाऊ श्टुटगार्टजवळ राहतो. त्याच्याकडे १९९४ची माझ्दा एमएक्स-५ आहे. पहिल्या पिढीची, उघडझाप दिव्यांची, १.८ लिटर इंजिनाची. घरापासून न्युर्बुर्गरिंग सुमारे ३०० किलोमीटर. गाडीला आधीच्या मालकाने स्वस्तातले कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचे एकत्र संच, बसवले होते. विरोध कमीजास्त करायच्या खुंटीला बत्तीस क्लिक, रंगाने झगझगीत. ते त्याला बदलायचे होते. त्यासाठी त्याने जी चौकशी केली, जे मोजलं आणि ज्यावर आम्ही फोनवर तासन्‌तास बोललो, त्यातून हा लेख झाला आहे. गाडी जपानी आणि ट्रॅक जर्मन असला, तरी त्यातलं शास्त्र कुठल्याही हलक्या स्पोर्ट्स कारला लागू पडतं.

एमएक्स-५ या विषयासाठी अगदी योग्य गाडी आहे. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांचा आग्रह वजन कमी ठेवण्याचा होता आणि पहिली गाडी टनाच्या आतच बसली. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन मिळालं. त्या किमतीच्या गाडीत ही चैनच होती. त्यामुळे चाकाचा कोन नीट राहतो आणि शॉकअपला फक्त वरखाली चालावं लागतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत शॉकअपच चाकाला आडवा आधारही देतो, म्हणून तिथे त्याचा दांडा आणि बुश जाडजूड लागतात. इथे ती भानगड नाही. मात्र या गाडीची एक मोठी उणीव आहे, ती म्हणजे चाकाला वर जायला मिळणारी जागा मुळातच कमी. सगळा गुंता तिथून सुरू होतो.

आधी शॉकअपचं काम काय ते पक्कं करू. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप पेलत नाही. स्प्रिंग दाबली गेली की शक्ती साठवते आणि ती परत करते. मग पुन्हा दाबली जाते, पुन्हा परत करते. शॉकअप नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहील. शॉकअपमधला पिस्टन तेलातून सरकतो, बारीक छिद्रांतून आणि पातळ पत्र्यांच्या चकत्यांखालून तेल ढकलतो, आणि डोलण्याची शक्ती उष्णतेत बदलतो. बँकेच्या काचेच्या दाराला वर जो तेलाचा क्लोजर असतो, त्यातही हेच चालतं. तेल फार मोकळं वाहिलं तर दार आपटतं आणि फार अडलं तर अर्ध्यात रेंगाळतं.

याला आकड्यांत पकडता येतं आणि पकडावंच. हिशेब सोपा जावा म्हणून एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन २५० किलो धरू आणि चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची ताकद मिलिमीटरला २५ न्यूटन. अशी गाडी मोकळी सोडली तर सेकंदाला सुमारे १.६ वेळा डुलेल. साधी कौटुंबिक गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा डुलते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार दीड ते दोन वेळा आणि पंख नसलेली रेसची गाडी दोन ते अडीच वेळा. आपल्या उदाहरणात एकही झोका न घेता गाडी जागेवर यायला जेवढा विरोध लागतो, तो मीटर-प्रतिसेकंदाला ५,००० न्यूटन येतो. आरामदायी गाडीत याच्या पंचवीस ते तीस टक्के विरोध ठेवतात. तीस टक्के धरले तर १,५०० न्यूटन. स्पोर्ट्स कारमध्ये, गाडीच्या हळू हालचालींसाठी, हे प्रमाण साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत नेतात.

आता पुष्कळ लोक जे करतात ते करून पाहू. शॉकअप मूळचे ठेवून स्प्रिंगा दुप्पट कडक बसवू, म्हणजे मिलिमीटरला ५० न्यूटन. डुलण्याचा वेग २.२५ वर गेला आणि विरोधाची गरज ७,०७० वर. शॉकअप मात्र तेच १,५०० देतो. तीस टक्क्यांचे एकवीस झाले. गाडी खाली बसली, दिसायला छान झाली, पण स्प्रिंगवर ताबा आधीपेक्षा कमी राहिला. वेगात एखादा उंचवटा गेला की अशी गाडी दोन-तीन वेळा उडते आणि चालवणाऱ्याला वाटतं, ‘कडक झाली, म्हणजे स्पोर्टी झाली.’ प्रत्यक्षात टायर तेवढा वेळ कधी जास्त दाबलेला, कधी हलका असतो. टायरचा गुणधर्म असा की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून भार खालीवर होत राहिला की सरासरी पकड घटते. चांगल्या शॉकअपचा अर्थ एवढाच की जमीन कशीही असली तरी टायरवरचा भार शक्य तितका स्थिर राहतो. कडकपणा हे त्या कामाचं एक साधन आहे, आणि बरेचदा चुकीचं साधन.

कॉलिन चॅपमन यांना हे फार लवकर कळलं होतं. १९६२ची लोटस एलान मऊ स्प्रिंगांवर होती, चाकांना भरपूर हालचाल होती, आणि त्या हालचालीवर शॉकअपचा चोख ताबा होता. इंग्लंडच्या खडबडीत गावरस्त्यांवर ती अनेक मोठ्या गाड्यांना मागे टाकी. माझ्दाच्या लोकांनी एमएक्स-५ करताना जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा अभ्यास केला तो उगाच नाही.

मग दुप्पट स्प्रिंगला जुळेल असा तगडा शॉकअप लावला की झालं? इथे खरी गंमत आहे आणि इथेच स्वस्त माल उघडा पडतो. ७,०७० चे पासष्ट टक्के म्हणजे ४,६००. वळणात गाडी कलते तेव्हा शॉकअपचा दांडा अर्ध्या सेकंदात जेमतेम पंचवीस मिलिमीटर सरकतो. हा वेग सेकंदाला ५० मिलिमीटर. तिथे ४,६०० च्या हिशेबाने २३० न्यूटनचा विरोध मिळतो. ठीक. गाडी ठामपणे कलते, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. पण कारुसेलमधल्या काँक्रीटच्या सांध्यावर चाक आपटतं तेव्हा दांड्याचा वेग दहापट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटरही होऊ शकतो. विरोध त्याच सरळ रेषेत वाढत गेला तर २,३०० न्यूटन होईल. त्या कोपऱ्यावर पेललेलं वजनच २,४५० न्यूटन आहे! म्हणजे प्रत्येक सांधा गाडीचा तो कोपरा जवळजवळ त्याच्या पूर्ण वजनाइतक्या जोराने वर ढकलेल, आणि सांधा ओलांडल्यावर चाक परत खाली यायला तेवढाच अडथळा. चाक हवेत, गाडी बाहेरच्या बाजूला.

म्हणून चांगल्या शॉकअपचा आलेख सरळ नसतो. हळू वेगाला तो झपकन चढतो आणि मग वाकून जवळपास आडवा होतो. पिस्टनवर एकावर एक बसवलेल्या पातळ पोलादी चकत्या ठरावीक दाबापर्यंत बंद राहतात आणि मग वाकून तेलाला मोठी वाट देतात. चकत्यांची जाडी, व्यास आणि त्यांचा क्रम बदलून हा आलेख घडवला जातो. शिमचा गठ्ठा म्हणतात त्याला. शॉकअपमधली सगळी कारागिरी इथे आहे. बाहेरचा सोनेरी रंग, अ‍ॅल्युमिनियमची चमक, क्लिकची संख्या यांचा तिच्याशी संबंध नाही. कॅनडाच्या मल्टिमॅटिक कंपनीने चकत्यांऐवजी स्पूल व्हॉल्व्ह वापरून हेच साधलं. २०१४च्या शेवरोले कमॅरो झेड/२८ वर ते शॉकअप आले तेव्हा जाणकारांनी त्या गाडीकडे इंजिनापेक्षा त्यासाठी पाहिलं.

मावसभावाने आपले बत्तीस क्लिकवाले शॉकअप काढून एका छोट्या वर्कशॉपमध्ये शॉक डायनोवर लावले. हे यंत्र शॉकअपला वेगवेगळ्या वेगाने वरखाली हलवतं आणि ताकद-वेगाचा आलेख काढतं. त्याचा फोन आला.

“दादा, पहिल्या सहा-सात क्लिकमध्येच जो काय फरक पडतो तो पडतो. त्यापुढे रेषा एकमेकींवर बसल्यात.”

“चारही सारखे आहेत का?”

“तेच तर सांगतोय. पुढच्या दोघांच्या रेषा जुळत नाहीत. डाव्याचा रिबाउंड उजव्यापेक्षा बराच ढिला आहे. गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला का ओढायची ते आत्ता कळलं.”

माझ्या मते शॉकअप विकत घेणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न हाच: याचा आलेख आहे का, आणि दोन नगांचे आलेख जुळतात का? जो विक्रेता आलेख दाखवू शकत नाही, त्याच्याकडचे क्लिक कितीही असोत, ते मोजून काय करायचं? दोन नग जुळणं ही महागड्या कारखान्याची पहिली खूण आहे. किमतीतला बराचसा फरक यंत्रकामाच्या अचूकतेचा आणि नगानुसार तपासणीचा असतो.

रिबाउंड म्हणजे शॉकअप लांबतानाचा विरोध. तो सहसा दबतानाच्या विरोधापेक्षा, म्हणजे कॉम्प्रेशनपेक्षा, जास्त ठेवतात, कारण स्प्रिंगने साठवलेली शक्ती परत येताना तिला आवरायचं असतं. पण तो अती झाला तर एक वेगळंच दुखणं सुरू होतं. लागोपाठच्या सांध्यांवर चाक वर जातं, खाली पूर्ण यायच्या आत पुढचा सांधा येतो, पुन्हा वर जातं. असं करत गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी स्प्रिंगऐवजी दांड्यावरच्या रबरी थांब्यावर चालू लागते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग मऊ पडली. तो रिबाउंड आणखी आवळतो. दुखणं वाढतं.

आता रचनेकडे. गोल नळीचे शॉकअप दोन जातींचे. जोडनळीच्या जातीत आत एक नळी, बाहेर दुसरी, आणि मधल्या जागेत जादा तेल व थोडा वायू. ही रचना स्वस्त पडते, कमी लांबीत चाकाला जास्त चाल देते, बाहेरून मार लागला तरी तग धरते. पण सतत जोरात चालली तर तेल आणि वायू मिसळून फेस होऊ शकतो आणि विरोध ढासळतो. एकनळीच्या जातीत एकाच नळीत तेल आणि त्याखाली एका सरकत्या पिस्टनने वेगळा ठेवलेला नायट्रोजन असतो, सहसा २० ते ३० बार दाबाचा. तेलाला फेस धरू द्यायचा नाही हे त्या दाबाचं काम. नळी हवेला उघडी असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते. पिस्टनही मोठा बसतो, म्हणून बारीक हालचालींवर ताबा चांगला मिळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्रिस्त्यां बुर्सिये द कार्बों यांची ही कल्पना १९५० च्या दशकात बिल्श्टाइन या जर्मन कंपनीने कारखान्यात आणली आणि मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांवर चढवली.

या धंद्यातल्या कंपन्यांची मुळं पाहताना मला नेहमी आनंद होतो. बिल्श्टाइन १८७३ साली खिडक्यांचं लोखंडी सामान करत होती. नेदरलँड्सची कोनी १८५७ पासून घोड्यांचं सामान बनवायची. स्वीडनच्या ओलिन्स कंपनीचे केंट ओलिन यांनी १९७६ मध्ये मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींसाठी शॉकअप बनवायला घेतले. आणि आपल्याकडे, १९६१ साली मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना सुरू झाला. आज चाकण आणि नाशिकच्या तिच्या कारखान्यांत बनलेले शॉकअप या देशातल्या असंख्य स्कूटरी आणि मोटारींखाली आहेत. खड्ड्यांवर टिकाव धरणारा शॉकअप बनवणं हे ट्रॅकच्या शॉकअपइतकंच अवघड अभियांत्रिकीचं काम आहे. त्याचं कौतुक आपण पुरेसं करत नाही.

एमएक्स-५ वाल्यांपुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली कोनीच्या पिवळ्या शॉकअपची. जोडनळीचा, फक्त रिबाउंड कमीजास्त करता येणारा, मध्यम कडक स्प्रिंगांसाठी उत्तम. दुसरी बिल्श्टाइनची. एकनळीचा आणि काहीही फिरवता न येणारा. मूळ उंचीच्या गाडीसाठी बी६ आणि खाली बसवलेल्या गाडीसाठी लांबीने आखूड बी८. अमेरिकेत १९९४ मध्ये आर पॅकेज म्हणून जी कडक एमएक्स-५ विकली गेली, तिला कंपनीनेच बिल्श्टाइन दिले होते. तिसरी वाट पूर्ण कॉइलओव्हरची, म्हणजे ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅकसारख्या संचाची. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी जुळवलेले, उंची बदलता येणारी, आणि एकाच खुंटीने दोन्ही दिशांचा विरोध हलणारा. त्यांच्या व्हॉल्व्हची रचना अशी आहे की जोराचा धक्का बसल्यावर लांबताना आणि दबताना, दोन्हीकडे तेलाला मोकळी वाट मिळते आणि चाक झटकन जमिनीवर परत येतं.

याच्या पलीकडे वेगळी टाकी लावलेले, दोन, तीन, चार बाजूंनी फिरवता येणारे शॉकअप आहेत. हळू कॉम्प्रेशन वेगळं, जलद वेगळं, रिबाउंड वेगळं. ज्याच्याकडे डेटा लॉगर आहे, टायर मोजायला माणूस आहे आणि एका ट्रॅकवर दिवसभर चाचणी करायची सोय आहे, त्याने ते घ्यावेत. शनिवारी ट्रॅकवर आणि सोमवारी ऑफिसला जाणाऱ्याने घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चार शॉकअप आणि प्रत्येकी तीन खुंट्या म्हणजे चुकीच्या जागी थांबण्याच्या हजारो शक्यता. न फिरवता येणारा पण नीट जुळवलेला शॉकअप त्यापेक्षा कितीतरी वेगवान. विजेवर चालणाऱ्या, तेलाच्या जागी चुंबकीय द्रव असलेल्या शॉकअपनी हा प्रश्न मोठ्या गाड्यांत बराच सोडवला. कॅडिलॅकवर ते २००२ मध्ये आले, लगोलग कॉर्व्हेटवर. पण तीस वर्षांच्या एमएक्स-५ वर ते बसवणं हा वेगळाच प्रकल्प होईल.

आता चाकाला वर जायला जागा कमी असण्याच्या त्या उणिवेकडे येऊ, कारण माझ्या मते एमएक्स-५ चा निकाल तिथेच लागतो. शॉकअपच्या दांड्यावर फोमसारख्या पॉलियुरेथेनचा तुकडा असतो, बंप स्टॉप. चाक पूर्ण वर गेलं की धातूवर धातू आपटू नये म्हणून. एमएक्स-५ ला मुळातच जागा कमी, त्यामुळे कारखान्यातून आलेली गाडीसुद्धा मोठ्या उंचवट्यावर या तुकड्याला लवकर टेकते. माझ्दाने ते गृहीत धरूनच तो तुकडा लांब आणि हळूहळू कडक होत जाणारा बनवला आहे. तो दुसरी स्प्रिंगच आहे. आता गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसवा. ती उभ्याउभ्याच त्याला टेकू लागते. वळणात बाहेरचं चाक वर जातं, तुकडा पूर्ण दाबला जातो आणि त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पट वाढतो. पुढे असं झालं तर गाडी सरळ जाऊ पाहते, मागे झालं तर शेपूट निघते. फुक्सरोरच्या तळात, वेगात, स्टिअरिंग वळलेलं असताना हे होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अनेकजण दोष शॉकअपला देतात. दोष संपलेल्या जागेचा असतो.

किती जागा उरली ते कळायला यंत्र लागत नाही. दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधायची, खाली शॉकअपच्या नळीला टेकवायची आणि गाडी चालवून यायची. जिथवर दांडा आत गेला तिथवर टाय सरकते. मावसभावाच्या पुढच्या दोन्ही टाय अगदी टोकाला जाऊन चिरडल्या होत्या. म्हणजे ट्रॅकवरच्या प्रत्येक फेरीत गाडी रबरावर बसत होती. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ चे वरचे माउंट पहिल्या पिढीत बसतात आणि त्याने थोडी जास्त जागा मिळते. या गाडीच्या लोकांत हा बदल वर्षानुवर्षं चालत आला आहे. नव्या चमकदार शॉकअपपेक्षा तो मला जास्त मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या स्पेक मियाटा रेसिंगचा दाखला इथे देतात. त्या गाड्यांना वर्षानुवर्षं ठरवून दिलेला संच होता: बिल्श्टाइनचे शॉकअप आणि आयबाखच्या स्प्रिंगा, पुढे इंचाला ७०० पौंड आणि मागे ३२५. रस्त्याच्या एमएक्स-५ च्या स्प्रिंगांच्या मानाने हे फार कडक. तिथे ते चालतं, कारण ट्रॅक गुळगुळीत असतो, टायर चिकट असतो, आणि गाडी स्प्रिंगवरच राहते, रबरावर नाही. तेच आकडे घेऊन गावातल्या रस्त्यावर, आणि नॉर्डश्लाइफवरही, जाणाऱ्याला पश्चात्ताप होईल. नॉर्डश्लाइफ हा रेसट्रॅकपेक्षा डोंगरातल्या घाटरस्त्याच्या जवळचा आहे. तिथे चाकाला वरखाली जायला जागा लागते.

आणि शॉकअपच्या आधी करायची कामं आहेतच. तीस वर्षांच्या गाडीचे रबरी बुश फाटलेले असतात. ते फाटलेले असताना जगातला सर्वोत्तम शॉकअपही चाकाचा कोन सांभाळू शकत नाही. टायर कुठला, त्यात हवा किती, चाकांचं अलाइनमेंट काय, हे आधी. मावसभावाने एक हंगाम नुसत्या बुश, टायर आणि अलाइनमेंटवर काढला. गाडी इतकी सुधारली की त्याला क्षणभर वाटलं शॉकअप राहू द्यावेत. डायनोच्या आलेखाने ते मत बदललं.

जर्मनीत कागदपत्रांचीही बाजू आहे. शॉकअपला त्या गाडीसाठी प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्राच्या प्रकारानुसार ट्युफसारख्या तपासणी संस्थेकडून गाडीच्या कागदांत नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसेल तर विमा आणि नंबरप्लेट, दोन्ही धोक्यात. लोक याला कटकट म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं, कारण त्यामुळे कुणीतरी जाणकार माणूस गाडी वर चढवून टायर कुठे घासतो का, स्प्रिंग पूर्ण लांबल्यावर जागेवर राहते का, हे पाहतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत कोणते बदल करता येत नाहीत ते सांगतं. बदल करायच्या आधी ते वाचावं आणि आरटीओत विचारावं.

पुण्या-मुंबईतल्या ज्या वाचकाकडे अशी गाडी आहे, त्याचा हिशेब आणखी रस्त्याकडे झुकतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक पुण्याहून बाराशे किलोमीटरच्या आसपास, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्याच पल्ल्यातला, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट उत्तरेला त्याहूनही लांब. गाडी चालवत न्यायची तर वाटेतले स्पीडब्रेकर, पुलांचे सांधे आणि पावसाने खाल्लेला डांबरी रस्ता, हे सगळं त्याच शॉकअपवरून जाणार. इथे गाडी खाली बसवणं मी कुणालाही सुचवणार नाही. मूळ उंची, मूळपेक्षा थोडी कडक स्प्रिंग, पूर्ण चालीचा एकनळी शॉकअप आणि दांड्याला धुळीपासून वाचवणारं शाबूत बूट. सीलमध्ये गेलेली धूळ तेलगळती सुरू करते, मग बाकीचे सगळे आकडे निरर्थक होतात.

मावसभावाने शेवटी कडकपणाचा मोह सोडला. गाडीची उंची मूळपेक्षा फक्त दीड सेंटिमीटर कमी ठेवायची, दुसऱ्या पिढीचे माउंट घालायचे आणि चाकापाशी डुलण्याचा वेग दोनच्या आत राहील एवढीच स्प्रिंग घ्यायची, असं ठरलं. मी एकनळीचे, न फिरवता येणारे शॉकअप घे म्हणत होतो. त्याने एका खुंटीचा जुळवलेला संच घेतला. त्याचं म्हणणं होतं, “ऑटोबानवर मऊ आणि रिंगवर चार क्लिक पुढे, एवढं तरी मला पाहिजे, दादा.” वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. संच बनवणाऱ्याने प्रत्येक नगाचा आलेख सोबत पाठवला होता.

बसवताना खालचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो. चारही कोपरे वजनकाट्यावर घेऊन, चालकाच्या वजनाच्या पिशव्या सीटवर ठेवून, तिरपी वजनं जुळवली. सुरुवात संपूर्ण मऊ बाजूने केली. एका वेळी एकच बदल, पुढे किंवा मागे, दोन क्लिकचा, आणि वहीत नोंद: टायरचा दाब, हवेचं तापमान, कुठल्या वळणावर काय वाटलं. केबल टाय प्रत्येक वेळी परत खाली. फुक्सरोरनंतर पुढच्या टाय टोकापासून बोटभर आधी थांबल्या. कारुसेलमध्ये गाडी अजून हलते, पण चाकं काँक्रीटवर राहतात आणि वेग वाढवता येतो. खुंटी दोन क्लिक आणखी आवळल्यावर तिथेच गाडी पुन्हा खाली बसू लागली, तेव्हा तो ते दोन क्लिक मागे आला आणि तिथेच राहिला. ऑटोबानसाठी त्याहून चार क्लिक मऊ. पुढच्या हिवाळ्यात तो संच उघडून तेल आणि सील बदलायला पाठवेल, परत आल्यावर पुन्हा डायनोवर लावेल आणि नवा आलेख जुन्यावर ठेवून पाहील.